कुंकवाचं बोट

दोरीवर वाळत घातलेला हातमोज्यांचा एक जोड — गडद किरमिजी लोकरीचा, बोटांच्या टोकांतून थेंब थेंब गळणारा — आणि त्यामागे जानेवारीच्या दुपारचं कोवळं ऊन… चंदीगड म्हटलं की मला आधी हेच दिसतं. सरकारी क्वार्टरच्या मागच्या एवढ्याशा अंगणात मुळ्याच्या पराठ्यांचा, भाजलेल्या शेंगांचा आणि ओल्या लोकरीचा वास एकमेकांत मिसळलेला असे. ते हातमोजे आईचे होते. बाबांची सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत बदली झाली तेव्हा साताऱ्याच्या नातेवाइकांनी इथल्या थंडीच्या नावाने गळा काढला होता. आई मात्र त्या थंडीच्या प्रेमातच पडली.

आईच्या दोन्ही हातांवर कोड होतं, बोटांपासून मनगटांपर्यंत. आणि इथे हिवाळाभर सगळं शहरच हातमोजे घालून हिंडे. धुकं उतरलं की तिचा चेहरा उजळे. भाजीवाल्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत घासाघीस करी, वरच्या मजल्यावरच्या ग्रेवाल आंटींबरोबर उन्हात बसून खिदळे… आणि होळी झाली की पदराखाली हात घेऊन पुन्हा मिटून जाई. लोक आंब्यांसाठी उन्हाळ्याची वाट बघतात. आमच्या घरात उन्हाळा म्हणजे सुतकच.

संक्रांतीचं हळदीकुंकू येई ऐन थंडीतच, पण त्याला हातमोजे चालत नसत. बदलीवर आलेल्या मराठी बायका मोहालीहून, पंचकुल्याहून शालींत गुरफटून आमच्याकडे जमत. तिळाचा, गुळाच्या पाकाचा, अत्तराचा गंध घरभर दरवळे. सगळं आई करी. फक्त कुंकू लावायला मला पुढे करी. परकर-पोलक्यावर स्वेटर, हातात करंडा — मला तो केवढा मान वाटे! एकदा ग्रेवाल आंटी म्हणाल्या, "भाभीजी, आप लगाओ ना. इन्हीं हाथों का खाना तो खाते हैं हम." आई नुसती हसली. कोड नुकतं दिसू लागलं होतं तेव्हा, साताऱ्यात, थोरल्या जाऊबाईंनी तिच्या बोटापुढून कपाळ मागे घेतलं होतं, हे तिने मला फार पुढे सांगितलं.

मी सातवीत असताना दिवाळीच्या सुमारास माझ्या उजव्या अनामिकेवर तांदळाएवढा पांढरा ठिपका उमटला. आई रोज त्यावर कोडावरचं बावचीचं तेल चोळी आणि मला उन्हात बसवी. संक्रांत आली. बायका जमण्याआधी पहिलं कुंकू आईला लावायचं, ही माझी दरवर्षीची रीत. मी बोट पुढे केलं… आणि आईचं कपाळ मागे गेलं. किंचितच. तिच्याही नकळत असेल.

"राहू दे गं," ती म्हणाली. "माझं मी लावते."

मग आपल्या हातून काय झालं ते तिचं तिलाच कळलं, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडली. त्या दिवशी करंडा नुसताच तबकात ठेवला होता. बायकांनी आपापलं कुंकू लावून घेतलं. पुढल्या वर्षापासून हळदीकुंकू बंद झालं, आणि दोरीवर माझ्या मापाचे हातमोजेही वाळू लागले.

त्यानंतर ती मराठीत विचारी आणि मी हिंदीत उत्तर देई. मला दुसरी शिक्षा सुचली नव्हती. कॉलेजात गेल्यावर मी मोजे टाकून दिले. आज मोहालीच्या ऑफिसात उघड्या हातांनी काम करते. बघणारे बघतात, बघोत बापडे. माझे हात मी केव्हाच आपले म्हटले — पण ते मागे गेलेलं कपाळ मात्र मला आपलं म्हणता येईना. दुसऱ्या कुणाचं असतं तर चाललं असतं. जावेने दिलेली भीती आईच्या अंगात मुरली होती, एवढं मला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि पोटात घालणं वेगळं. आई आहे तशी पोटात घालावी, तिचे ते मोज्यांतले हात एकदा हातात घेऊन बसावं, असं मी दर हिवाळ्यात ठरवत राहिले… आणि हिवाळे जात राहिले.

गेल्या डिसेंबरात आई गेली. धुकं इतकं दाट होतं की पंचकुल्याहून येणाऱ्या बायकांना उशीर झाला. ग्रेवाल आंटींनी तिला हिरवी साडी नेसवली. सवाष्ण गेली, लेकीनेच मळवट भरावा, असं कुणीतरी म्हणालं आणि करंडा माझ्यापुढे आला. आईचे मोजे काढून ठेवलेले होते. तिचे पांढरे हात पोटावर नुसते ठेवलेले, सगळ्यांच्या देखत. मी कुंकवात बोट बुडवलं — तेच बोट, आता पुरतं पांढरं — आणि तिच्या कपाळापाशी नेऊन थांबले. राहू दे, माझं मी लावते, असं ती म्हणेल म्हणून.

"लाव बाळा," दाराशी उभे असलेले बाबा म्हणाले.

मी लावलं. कपाळ थंडगार होतं, आणि मागे गेलं नाही.