गोटीरामच्या डोळ्याचा कोपरा

आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसचा सुपरवायझर गोटीराम कधी सरळ बघायचाच नाही. टेबलाच्या टोकाला खुर्ची, समोर मोबाईल आणि डाव्या हाताला सरकणारे क्रेट. वर ऐट बघा! "गोटीरामच्या डोळ्याच्या कोपऱ्यातूनबी गुलाबी मणी सुटत नाय!" नाशिकच्या थंडीत हिरव्या घडात मणी गुलाबी पडतात आणि परदेशी गिऱ्हाईक तेवढ्यावर माल नाकारतं. म्हणून आम्हा बायकांची रीत अशी: गुलाबी मणी कात्रीने कापायचे, शंकेचा घड क्रेटमध्ये सगळ्यात वर ठेवायचा. तो काढायचा की नाही, हे गोटीरामने ठरवायचं. हा दीडशहाणा कुस्त्या बघत नुसती मान हलवायचा आणि क्रेट पास व्हायचा.

यंदा त्याला बचतीचं खूळ लागलं. आपल्या टोकाचे निम्मे दिवे त्याने बंदच करून टाकले. मालक अण्णांनी शाबासकी दिली, तेव्हापासून तर स्वारी हवेतच होती.

मग बंदरावरून माल परत आला. पेट्यांत गुलाबी घड. गोटीरामने लगेच आमच्यातल्या, पेठच्या डोंगरातून आलेल्या आशाकडे बोट दाखवलं. "अण्णा, हिच्या टेबलाचा माल हाय. हिला रंगच कळत नाय. उद्यापासून हिचं काम बंद करा." मला त्याची किळस आली. हंगामाच्या मध्यात काम सुटलं तर डोंगरात परत जाऊन आशाने काय करायचं?

आशा रडली नाही. तिने परत आलेल्या पेटीतला सगळ्यात गुलाबी घड उचलला आणि गोटीरामच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"दादा, रोजच्यासारखं मोबाईलमध्येच बघा. हा घड कसा हाय?"

"हिरवागार. पास!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. अण्णा मात्र हसले नाहीत. "शुभांगी, दिवे लाव," ते मला म्हणाले. मी सगळी बटणं दाबली. गोटीरामने मान वळवली आणि त्याचा चेहरा पडला.

"अण्णा, उजेडच नव्हता! कमी उजेडात डोळ्याच्या कोपऱ्यातून रंग कोणालाच कळत नाय!"

माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला.

"मग दिवे कोणी बंद केले, दादा?" आशाने विचारलं.

खुर्ची आता गोदामात आहे. गोटीराम उभा राहून एकेक घड दिव्याखाली धरतो. आशा रोज एक हिरवागार घड मुद्दाम वर ठेवते आणि विचारते, "दादा, रंग कोणता?"

त्याला सांगावं लागतं.