तिच्या हातासाठी चाकू

माझी बायको शाळेतल्या मुलांना डोंगरात कॅम्पला न्यायची. बोईसरच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती, आणि पावसाळा सरला की शनिवार-रविवार मनोरच्या पलीकडे, नदीकाठच्या एका माळावर तिचे कॅम्प चालायचे. तिचा जन्म समुद्रकाठच्या नवापूरचा, कोळ्यांच्या घरातला. मासे निवडण्या-सुकवण्यात तिचं लहानपण गेलेलं. डोंगर तिला लग्नानंतर, एका मैत्रिणीच्या नादाने आवडायला लागला. माझं उलटं. मी साताऱ्याकडे डोंगरातच वाढलो, नोकरीसाठी बोईसरच्या एमआयडीसीत आलो आणि त्यानंतर डोंगराचं नाव काढलं नाही. मी कारखान्यांसाठी डाय आणि फिक्श्चरची डिझाइनं करतो. पोलाद कसं कापायचं, कसं धरायचं, दिवसभर तेच डोक्यात.

कॅम्पहून आली की ती पाठीवरची बॅग गॅलरीत पालथी करायची. त्यातून आधी गोणपाटात गुंडाळलेला कोयता पडायचा, मग माझ्या स्वयंपाकघरातली सुरी, मग दोऱ्या कापायचं कटर. एकदा कोयत्याने गोणपाट फाडून तिची नवी स्लीपिंग बॅग चिरली. कापूस बाहेर आलेला. ती बराच वेळ त्याकडे बघत बसली आणि मग माझ्याकडे वळली.

"तू एवढी यंत्रं करतोस, मला एक चाकू करून दे की. एकच. सगळं त्यानेच झालं पायजे."

"सगळं म्हणजे काय काय?"

"बांबू चिरायला पायजे. दोरी कापायची, कांदा कापायचा, मुलांना लाकडाचा चमचा करून दाखवायचा. आग पेटवायला चकमकीच्या सळईवर ठिणगी पाडायची. आणि नदीत मासा घावलाच तर तो पण."

"असा एक चाकू नसतो. जो सगळं करतो तो काहीच धड करत नाही."

"मग तू डिझायनर कशाला?" ती म्हणाली. "तुमी घाटावरची लोकं आधी नाय म्हणता, मग विचार करता."

मी विचार करायला लागलो आणि त्यात पुरता अडकलो. बांबू चिरायचा तर पात्यावर लाकडाने ठोकावं लागतं, म्हणजे पाठ जाड हवी. कांद्याला पातं पातळ हवं. ठिणगी पाडायला पाठीची कड काटकोनात, चांगली धारदार कोपऱ्याची लागते. पण कोरीवकाम करताना अंगठा त्याच पाठीवर टेकतो आणि सोलून निघतो. पोलाद न गंजणारं घ्यावं तर ठिणगी नीट पडत नाही, साधं घ्यावं तर समुद्राची हवा त्याला आठवडाभरात खाते. जेवणाच्या सुट्टीत मी ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाती काढत बसायचो. पुठ्ठ्याचे चाकू केले, मग प्लायवूडचे. ती भाजी परतता परतता ते हातात घ्यायची आणि म्हणायची, "हा नाय. हा मला ढकलतो."

तारापूर रोडवरच्या भंगारवाल्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद आणलं. कंपनीच्या टूलरूममध्ये रविवारी काम करायची परवानगी मिळाली. ग्राइंडरवर बसणारा कारागीर बिहारचा होता, तो पातं घासताना हसायला लागला. "साहब, भाभीजी के लिए छुरी बना रहे हो? सोच लो एक बार."

पहिला चाकू लांब झाला आणि पुढून जड. ती म्हणाली, "कोयताच हाय. आजारी पडून बारीक झालेला." दुसऱ्याला पातं आखूड केलं. मुठीजवळ पाठ जाड ठेवली आणि टोकाकडे निमुळती नेली. ठिणगीसाठीची काटकोनी कड फक्त पुढच्या अर्ध्या भागात, अंगठा टेकतो तिथे गोल. मुठीजवळची धार बारीक कामासाठी पातळ घासली. मुठीला शिसव लावला. तो चाकू घेऊन ती कॅम्पला गेली आणि रविवारी संध्याकाळी दारातूनच ओरडली, "बांबू चिरला! आणि वांगं पण!" तिने त्याला म्यान शिवून घेतलं, कमरेला लावलं. तो चाकू चांगला होता. मी आयुष्यात केलेल्या कामांत मला तेवढं एकच काम पूर्ण झालं असं वाटलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात तो तिच्या हातातून निसटला. ठिणगी पाडताना. कुणाला लागलं नाही, पण तिने घरी येऊन तक्रार केली. "मूठ घसरते रे."

शिसव मी फार गुळगुळीत केला होता. मुठीला आडव्या खाचा पाडून दिल्या. दोन कॅम्प झाले आणि पुन्हा निसटला. मला वाटलं घाम असेल. मूठ काढून थोडी जाड बसवली. तरी ती म्हणायची, घट्ट धरता येत नाय. मग मी ठरवलं की मूठ अंदाजाने नको, तिच्या पकडीच्या मापानेच करू. मुलं खेळतात ती रंगीत माती आणली, तिचा गोळा लांबट केला आणि तिला म्हटलं, चाकू धरतेस तसा धर, जोरात.

तिने धरला, सोडला. मातीत बोटांचे ठसे उमटले होते, पण उथळ. अंगठ्याच्या बुडाशी तर जवळजवळ काहीच नव्हतं.

"जोरात दाब."

"दाबलंय."

"अजून जोरात."

"दाबलंय रे."

मी तिला डाव्या हाताने दाबायला सांगितलं. डाव्या हाताने मातीचा पार चेंदा झाला. दोन्ही हात तिने खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये, जिथे मांसाचा उंचवटा असतो, तिथे खड्डा पडलेला. रोज तो हात मी बघत होतो. तिच्या हातचा चहा पीत होतो.

"बारीक झालाय," ती म्हणाली. हाताबद्दल नाही, जणू शेजारच्या कुणाबद्दल बोलावं तसं.

बोईसरच्या हाडांच्या डॉक्टरांनी मानेची नस सांगितली. पट्टा, व्यायाम, शेक झाला. पालघरच्या डॉक्टरांनी विजेच्या तारा लावून तपासणी केली, रिपोर्ट वाचला आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलचा कागद लिहून दिला. तिथले डॉक्टर सावकाश बोलणारे होते. स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या नसा असतात त्याच हळूहळू मरत जातात, म्हणाले. का, ते माहीत नाही. थांबवणारं औषध नाही. आधी हात, मग बाकीचं. ती लक्ष देऊन ऐकत होती, वर्गातल्या मुलीसारखी. जिना उतरताना तिने मला विचारलं, "म्हणजे दुसरा हात पण?"

डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनीही ऐकलं होतं. मी म्हटलं, "हो."

नवापूरला तिच्या आईला सांगायला गेलो तेव्हा ती अंगणात बांबूंवर बोंबील टांगत होती. आम्ही सांगितलं. ती टांगायची थांबली नाही. "औषध नाय म्हंजे? असं कुठं असतं काय? जावईबापू, तुमी नीट विचारलंव ना?" मी नीट विचारलं होतं. मग ती ओट्यावर येऊन बसली आणि लेकीचा उजवा हात मांडीवर घेऊन चोळत राहिली, तेल लावल्यासारखा, पण तेल नव्हतं. आम्ही निघेपर्यंत चोळत होती. जाताना तिने सोड्यांची पुडी दिली, नेहमीसारखी.

बायकोने कॅम्प सोडले नाहीत. "चाकू या हाताचा कर," तिने मला सांगितलं. "जसा हाय तसा."

मी केला. पातं तेच ठेवलं, मूठ बदलली. आधी मनगटाइतकी जाड, वर कॉर्क चढवलेली. बोटं मिटेनाशी झाली तशी मुठीला बाहेरून कडी बसवली, म्हणजे बोटं नुसती आत सरकवली की चाकू पडणार नाही. मग मूठ आडवी केली, मुठीतून पातं पुढे यावं अशी, म्हणजे ढकलायला खांद्याचा जोर वापरता येईल. मग मनगटाला पट्टा. पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटीत मी भोकं पाडत गेलो, जुनी बुजवून नवी. काम रविवारीच करता यायचं. एक मूठ डोक्यात येऊन, लाकूड कापून, चिकटवून, वाळून तयार होईपर्यंत हात आणखी पुढे गेलेला असायचा. ती घालून बघायची, दोन वेळा हवेत फिरवायची. "मागच्या महिन्यात चालला असता," म्हणायची.

तिच्या शेवटच्या कॅम्पला मी बरोबर गेलो. मुलं गोल करून बसली होती. सुकं गवत आणि नारळाची शेंडी मध्ये ठेवलेली. तिने सळई बुटाखाली धरली, पट्टा बांधलेल्या हाताने चाकूची पाठ सळईवर टेकवली आणि ओढली. चाकू नुसता घसरला. परत ओढली. सळईवर एक राखाडी रेघ उठली, ठिणगी नाही. पट्टा सोडवून मला डाव्या हाताला बांधायला लावला. डावाही तोवर बारीक व्हायला लागला होता, हे तिला आणि मला माहीत होतं, मुलांना नव्हतं. मग एका मुलीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, शर्यतीत मागे पडलेल्याला वाजवतात तशा, आणि सगळ्यांनी वाजवल्या. ती अजून जोर लावत होती. शेवटी तिच्याबरोबरची शिक्षिका पुढे आली आणि तिने काडेपेटीने गवत पेटवलं.

जीपमधून परतताना तिने काच खाली घ्यायला सांगितली. मनोर मागे पडलं तेव्हा म्हणाली, "टाळ्या नको होत्या वाजवायला."

त्यानंतर ती शाळेतही गेली नाही. मी मात्र मुठींची ड्रॉइंगं काढतच राहिलो. हातच नाही तर कोपरापासून धरू, असं मनात घेऊन अॅल्युमिनियमच्या नळीचं खोळीसारखं काहीतरी काढलं, आतून फोम. एका दुपारी टेबलावर ते ड्रॉइंग पसरून मी तिला समजावून सांगत होतो. ती खुर्चीत बसून ऐकत होती.

"तुझं बरं हाय," ती मधेच म्हणाली. "तुला करायला कायतरी हाय."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मी राग म्हणून नाय सांगत," ती म्हणाली. "पण ह्याने मी काय कापणार? आणि कुठं?"

ती नळी मी तरीही करून आणली. तिने हात आत घातला नाही, मीही आग्रह केला नाही.

काडेपेटीने आग पेटवणारी ती शिक्षिका एकदा भेटायला आली. कॅम्प आता तीच चालवत होती. बायकोने मला चाकू आणायला लावला आणि तिला दिला. "तुझ्याकडे असू दे. कामाला तरी येईल." त्या बाईंनी आडवी मूठ हातात धरून बघितली, अवघडल्या. "मॅडम, मला जरा... वेगळं वाटतंय धरायला." मी म्हटलं, साधी मूठ बसवून देतो. पुढच्या रविवारी बसवली, शिसवाचीच. शेपटीतली भोकं लाकडाखाली झाकली गेली. पोलाद तिथे किती उरलंय ते मला दिसत होतं. वाटलं, हलक्या कामाला चालेल.

कॅम्पवर कुणीतरी त्याने ऐनाच्या टणक लाकडाचं फाटं चिरायला घेतलं आणि चाकू मुठीपाशी मोडला. बाईंचा फोन आला, फार कसनुशा होऊन बोलत होत्या. मी फोन स्पीकरवर ठेवला होता.

"पोरांना लागलं काय?" बायकोने विचारलं.

"नाही मॅडम, कुणालाच नाही."

"मग जाऊ दे."

दुसरा करून देतो, असं मी त्या बाईंना म्हटलं. ड्रॉइंग आहे, पोलादही आहे. केला नाही. एकदा पोलादाची पट्टी ग्राइंडरला लावली होती, पण तो कोणाच्या हातासाठी घासायचा हे कळेना, आणि मी मशीन बंद केलं.

आता सासूबाई आमच्याकडेच राहतात. सकाळी त्या लेकीची वेणी घालतात, मी तिला भरवतो, मग कामावर जातो. माशाचा काटा राहू नये म्हणून प्रत्येक घास मी बोटांनी चाचपून बघतो. अलीकडे अन्न मऊच लागतं, तेव्हा मासा क्वचित. जीभ जड झाली आहे. हे होणार असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवातीला फक्त दमल्यावर शब्द चिकटायचे, आता सकाळीही चिकटतात. तिच्या आईला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

परवा सासूबाई दोन दिवसांसाठी नवापूरला गेल्या होत्या. दुपारी मी तिला खिडकीशी बसवलं, पंखा लावला. ती काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. "पाणी?" नाही. "पंखा कमी करू?" नाही. तिने पुन्हा म्हटलं, अगदी सावकाश, तोंड पूर्ण उघडून. दोन-तीन शब्द होते. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. "आईला फोन लावू?" तिने मान हलवली, नाही. पुन्हा एकदा म्हणाली. मग डोळे मिटून घेतले आणि मान खिडकीकडे वळवली. मी तिच्याजवळ बसून राहिलो. संध्याकाळी विचारलं, दुपारी काय म्हणत होतीस? तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं नाही.