कनातीबाहेरचा बातमीदार

"काऊन नाई?"

कोणी नकार दिला की दादा टोपी मागे सारून एवढंच विचारायचे. आवाज चढत नसे, पण उत्तर मिळेपर्यंत ते जागचे हलतही नसत. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, आणि त्याच्यामुळे तुमचीही कधी पंचाईत झाली असेल.

पन्नासच्या दशकात वर्ध्याच्या एका साप्ताहिकात मी मुद्रितं तपासत असे. दादा नालवाडीहून सायकलने यायचे आणि जिल्ह्यातल्या कुस्त्यांच्या बातम्या द्यायचे. एका कुस्तीचा निकाल आधीच ठरला होता, असं त्यांनी छापलं. कुस्त्यांच्या पुढच्या दंगलीत ती भरवणाऱ्या कमिटीने त्यांना पहिलवानांच्या तंबूकडे फिरकूच दिलं नाही.

"बातमी आम्ही सांगू तीच छापा," कमिटीचे शेटजी म्हणाले. "पहिलवानांशी बोलायचं नाही."

"काऊन नाई? माती त्यायच्या अंगाले लागते, अन् बोलान तुम्ही?"

मी सोबत होतो. आम्ही तिकीट काढून लोकांत बसलो. शेवटच्या कुस्तीत अल्लीपूरचा मल्ल उजवा हात न उचलताच चीत झाला. लोकांनी हुर्यो उडवली. भिऊन पडला, असं कमिटीने कर्ण्यावरून जाहीर केलं.

दादा तडक मोटारतळावर गेले. अल्लीपूरच्या मोटारीत तो मल्ल खिडकीकडे तोंड करून बसला होता. दादा शेजारी बसले, मी मागच्या बाकावर. गाव मागे पडलं तसं त्यांनी विचारलं,

"खांदा कधीपासून दुखून राह्यला, बाबू?"

त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून आले. "सरावातच निखळला. मी म्हटलं, मले लढता येत नाई. तं कमिटी म्हणे, तिकिटं खपली, आता उतराच लागते."

हे सगळं छापून आलं. शेटजी कार्यालयात येऊन टेबलावर मूठ आपटू लागले. माफी छापा, नाहीतर जाहिराती बंद!

"दादा, दोन ओळी लिहून टाका ना," संपादक काकुळतीने म्हणाले.

"लिहितो. पहिले यायले त्या पोराची माफी मागू द्या."

जाहिराती बंद झाल्या. अंक रोडावला. जिल्ह्यातल्या प्रत्येक तंबूचं दार दादांना बंद झालं.

पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा दंगलीला गेले आणि कनातीबाहेर उन्हात उभे राहिले. जिंकलेला पहिलवान अंगावरच्या मातीसकट त्यांच्याकडे आला. मागोमाग हरलेलाही.

"आत चला, सत्कार आहे!" शेटजी ओरडले.

"थांबा जरा. यायच्याशी बोलून येतो," जिंकलेला म्हणाला.

मग एकेक करत सगळेच पहिलवान बाहेर आले. आत शेटजी हारांच्या ताटापाशी एकटे उरले.

दादा गेले त्या दिवशी नालवाडीची गल्ली मोडक्या कानांच्या आडदांड पहिलवानांनी भरली होती. आम्ही पेपरवाले उशिरा पोचलो. त्यांनी बाजूला सरून आम्हाला आत जायला वाट करून दिली.