साजिदच्या पत्रातला डेलिंक्वंट

स्वतःचा मूर्खपणा स्वतःच सांगितलेला बरा. नाहीतर कामशेतच्या बाजारात तो तिखटमीठ लावून सांगणारी माणसं काही कमी नाहीत. तेव्हा चहा घ्या, आणि माझ्याच तोंडून ऐका.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झालो, पण गावानं काही सोडलं नाही. कुणाला इंग्रजीत अर्ज हवा, कुणाला शिफारसपत्र हवं, की ‘सरांकडं जा’. लोक ओट्यावर येऊन बसतात, बायको चहा टाकते, मी लिहितो. आणि साधं लिहिलं तर लोकांना पटत नाही हो. एखादा जड शब्द दिसला की समाधान होतं. खरं सांगायचं तर माझंही.

त्या आठवड्यात पेपरात रोज एकच बातमी. पुण्याकडं कुठंतरी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी कोयते घेऊन रस्त्यावरच्या गाड्या फोडल्या होत्या. इंग्रजी पेपरात त्यांच्यासाठी शब्द होता, ‘जुव्हेनाइल डेलिंक्वंट’. कायदा मोडणारं अल्पवयीन पोर. आपण मराठीत बालगुन्हेगार म्हणून मोकळे होतो, पण या शब्दाचं वजन बघा! इतकी वर्षं शिकवलं, पण तो वापरायची संधी कधी आली नव्हती. येणार कशी? धड्यांतली सगळी मुलं गुणी असतात.

आणि अशात साजिद आला. आमच्या बाजारातले तांदळाचे व्यापारी युसूफभाई, त्यांचा धाकटा. नुकताच बारावी झालेला, माझा विद्यार्थी. कार्ल्याजवळच्या एका रिसॉर्टमध्ये शिकाऊ मुलांच्या दोन जागा निघाल्या होत्या. साजिदला रिसेप्शनवर उभं राहायचं होतं आणि वडिलांना तो दुकानात हवा होता. ही जागा मिळाली तर जा, नाहीतर गुपचूप गादीवर बस, असं घरात ठरलं होतं. म्हणजे पोराचं सगळं या एका पत्रावर अडलेलं.

मी म्हटलं, दिवस असे आहेत, पोराबद्दल कुणाच्या मनात शंका नको. म्हणून लिहिलं, साजिद प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, आणि ‘ही इज नॉट अ जुव्हेनाइल डेलिंक्वंट’. खाली झोकदार सही. वाचून स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या दिवशी युसूफभाई ओट्यावर हजर. चहा नको म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“सर, तुमी कागदात काय लिवलंय? रिसॉर्टातल्या मॅडम पोराला इचारत्यात, तुजी केस मिटली का म्हणून.”

“कसली केस?”

“त्येच तर मला तुमाला इचारायचंय. आमाला न सांगता पोरानं काय केलंय? त्याची आई सकाळपासनं रडतीया.”

म्हणजे रिसॉर्ट राहिलं बाजूला, बापाचाच पोरावर संशय. मी म्हटलं थांबा, आत्ता मिटवतो, आणि तिथल्या तिथं मॅडमना फोन लावला.

“मॅडम, साजिदवर कसलीही केस नाही.”

“मिटली का?”

“मिटायला झालीच नव्हती.”

“म्हणजे पोलिसांनी नोंद घेतली नाही?”

“अहो, त्याला कधी कुणी पकडलंच नाही.”

पलीकडून नुसतं “बरं” आलं. आपण काय बोललो हे मला फोन ठेवल्यावर कळलं. युसूफभाईंना माझ्या आधी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी साजिदला घेऊन स्वतःच कार्ल्याला गेलो. मॅडम लोणावळ्याच्याच, पन्नाशीच्या, शांत. आता शांत माणसासमोर मी जास्त बोलतो. मी म्हटलं, “या घराला मी तीस वर्षं ओळखतो. याच्या वडिलांनासुद्धा कधी अटक झालेली नाही.”

शेजारी साजिदनं डोळे मिटून घेतले.

मॅडम म्हणाल्या, “सर, मी बरीच वर्षं इथं माणसं घेते. हा मुलगा गुन्हेगार नाही, असं पत्र आजवर कुणी आणलं नाही. ते कुणी लिहितं का? असं वाचलं की मी आधी ड्रॉवरची किल्ली चाचपते.”

खरंच होतं ते. डिक्शनरी शब्दाचा अर्थ सांगते. तो एखाद्या नावाशेजारी बसवला की त्या नावाचं काय होतं, ते सांगत नाही. ‘नॉट’ तर कुणी वाचतही नाही.

मग त्यांनी फाइलमधून आणखी एक पत्र काढलं. “हेही तुमचंच ना? ओंकारचं. दुसऱ्या जागेसाठी.”

ओंकार आमच्या आळीतला, साजिदच्या वर्गातला. त्याच्या पत्रात मी लिहिलं होतं, नम्र आणि मनमिळाऊ. गेल्या वर्षी याच नम्र मुलानं एसटीची काच दगडानं फोडली होती आणि त्याला सोडवायला मी स्वतः चौकीत गेलो होतो. हे मॅडमना कसं सांगणार? त्याची जागा गेली असती. मी साजिदकडं पाहिलं. त्यालाही सगळं माहीत होतं. तो खाली फरशी बघत होता.

“मग तो शब्द याच्याच पत्रात का?” मॅडमनी विचारलं.

एकतीस वर्षं बडबड केलेला माणूस मी. चष्मा काढून पुसत बसलो.

साजिदच म्हणाला, “मॅडम, सरांना नवा शब्द सापडला ना, की समोर जो पहिला येईल त्याला तो लागतो. वर्गातपण असंच व्हायचं.”

मॅडम हसल्या. कोरा कागद पुढं सरकवून म्हणाल्या, “इथंच नवीन लिहा. सोपं लिहा.” मी तीन ओळी लिहिल्या. जुनं पत्र त्यांनी मला परत दिलं आणि साजिदला सोमवारपासून यायला सांगितलं.

बाहेर बसची वाट बघत उभे होतो. मी म्हटलं, “वाचवलंस रे मला.”

“तुम्ही मुद्दाम नाही लिहिलंत, माहितीये सर,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “फक्त एक आहे. त्या दिवशी ओंकार माझ्यानंतर आला होता. शब्द तेव्हापण नवाच होता.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता. मला लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. कुणाच्या मनात शंका नको म्हणून मी ते वाक्य घातलं होतं ना? मग शंका होती कुणाच्या मनात? युसूफभाईंच्या नव्हती, मॅडमच्या नव्हती. त्यांना ती मी लावून दिली.

ते पत्र मी फाडलेलं नाही. एवढ्या वर्षांत शेकडो पोरांच्या चारित्र्याचे दाखले लिहिले. स्वतःचा लिहिला तो हा एकच, आणि तोही सहीनिशी.