बायकांचं दार

चाळीसगावच्या आमच्या टॉकीजमध्ये बायकांचं दार वेगळं होतं. आत मधोमध फळ्यांची आडभिंत होती आणि तिच्या अलीकडे आमचे बाक. दारावर एक अक्का असायची. रोज तोच खेळ बघून तिला सगळा पाठ झालेला असे. दुःखाचा प्रसंग जवळ आला, की ती अंधारातून ओरडायची, “आते रडानं शे बरं!” मग मांडीवरची पोरं सावरत आम्ही पदर डोळ्यांना लावायचो आणि पोटभर रडायचो. शेजारची का रडते, हे कुणी विचारत नसे.

सत्तरच्या सुमारास मालकानं टॉकीज नवी केली. गादीच्या खुर्च्या आल्या, आडभिंत गेली, आमचं दार विटांनी बुजवलं आणि अक्काचं काम सुटलं. गावभर कौतुक झालं. डोंबलाचं कौतुक!

मी पहिल्यांदाच नवऱ्याशेजारी बसले. पडद्यावर लेक सासरी निघाली आणि मी पदर डोळ्यांशी नेला. अंधारात मी अक्काच्या आवाजाची वाट बघत राहिले. नवरा कानाशी म्हणाला, “अगं, खोटं असतं सगळं.”

ते मला कुठे नवीन होतं? पण त्या फळ्यांआड आम्ही सिनेमासाठी रडतच नव्हतो.