कोंड्यावर विकलेला मुलगा

तानुबाई साखरखेर्ड्याची. दोन लेकरं पाळण्यातच गेली, मागोमाग नवराही. देऊळघाटच्या हिंमतरावांनी तिच्याशी पाट लावला तो काही माया आली म्हणून नव्हे. थोरलीला, रुक्मिणीबाईला, मूल होत नव्हतं, आणि त्यांना हवी होती कूस. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, तानुबाईलाही. "लेकरू डोयासमोर राह्यलं म्हंजे झालं," ती मला म्हणाली होती.

एकसष्ट साली मुलगा झाला. हा तरी जगावा म्हणून पाचवीला त्याला सुपात घालून कोंड्यावर विकायचं तिनं ठरवलं. आमच्याकडची रीतच आहे ती. मूल आईचं नाही असं दाखवायचं, म्हणजे मरण फसतं. मग ते तगलं की आईनं दुप्पट कोंडा देऊन सोडवून आणायचं. मी शेजारीण. म्हटलं, "मले इक." तर म्हणते कशी, "रुक्मिणीबाईलेच देतो ना. घरातल्या घरात राह्यते." इतकी भोळी बाई मी पाहिली नाही. आम्ही पाचजणी साक्षीला बसलो, गूळखोबरं खाल्लं.

पोराचं अंगावरचं दूध तुटेपर्यंत तिला घरात ठेवली. मग आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी धाडली, ती आणायला कुणी गेलंच नाही. हिंमतराव चारचौघांत म्हणाले, "सरकारनं दुसरी बायको बंद केली, मी काय करू बे?" पाट लावताना हा कायदा बरा आठवला नव्हता!

मुलगा तीन वर्षांचा झाला, तेव्हा तानुबाई सूपभर कोंडा घेऊन दारात आली. रुक्मिणीबाईनं तिला उंबऱ्यावरच अडवलं. "इकलं ते इकलं. साक्षीच्या बायाइले इचार."

बोलणं ऐकून आम्ही पाचहीजणी जमलो होतो. तानुबाई माझ्याकडे वळली. "सांगा ना वो बाई, ते नुसतं जगावं म्हणून होतं."

आमचा मळा हिंमतरावांच्या विहिरीवर भिजतो. मी मान खाली घातली. बाकीच्या चौघींनीही.

मुलानं रुक्मिणीबाईचा पदर ओढला. "आई, हे कोन होय?"

"कोंडा इकनारी," ती म्हणाली.

तानुबाईनं त्याला एवढंच विचारलं, "दूध पेतं का रे बाप्पा?" त्यानं आधी रुक्मिणीबाईकडे पाहिलं. तिनं मान डोलावली, तेव्हा तो "हाव" म्हणाला.

ती पुन्हा आली नाही. मुलगा जगला, आता त्या विहिरीचा मालक तोच. तुझी आई कोण, हे त्याला सांगायला मी दोनदा गेले आणि पाण्याची पाळी विचारून परत आले.