मुलींच्या संडासाचा नकाशा

त्या हिवाळ्यात जहरा भागातल्या दुकानदाराच्या मुलीची लघवी माझ्या टेबलावर तिसऱ्यांदा आली. मी कुवेतला, खैतानच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. दवाखाने जहऱ्यातही होते, पण इथे लॅबमध्ये मराठी बोलणारी बाई बसते एवढ्यासाठी हा माणूस बाटली कागदात गुंडाळून, मिठाईचा पुडा असावा तशी मांडीवर सांभाळत बसने यायचा. तो मालवणकडचा. जहऱ्यात एका कुवेतीची बकाला, म्हणजे किराणा दुकान, चालवायचा. मुलगी आठवीत, खैतानच्याच इंडियन शाळेत होती. माझी लेकही तिथेच, नववीत.

"पुन्हा इन्फेक्शन आहे," मी म्हटलं. "पाणी पिते का ती?"

"घरात पिता की. इल्याबरोबर तांबोच तोंडाक लावता."

"मग?"

"मग काय ताई, हंयची हवाच तिका मानवना नाय. पुढच्या म्हयन्यात गावाक धाडतंय. आत्तेकडे रवात."

"मार्चमध्ये परीक्षा आहे. आणि गावात शाळा?"

"आसा ना. सातवीपर्यंत."

"ती आठवीत आहे."

"म्हणजे झालीच की शाळा!" तो म्हणाला. एक काम आपोआप उरकल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

हवेने लघवीत पू होत नाही एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक नव्हतं. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं आणि मला विचारल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, असा दम भरला.

त्याच आठवड्यात आफ्रिकेहून पत्र आलं. दिवाळीपासून आम्ही शाळेतल्या मराठी पालकांनी आफ्रिकेचा उद्धार करायला घेतला होता. आमचे अध्यक्ष कुवेतला येण्याआधी चार वर्षं केनियात एका साखर कारखान्यावर इंजिनियर होते. तिथल्या एका खेड्यातली शाळा त्यांना माहीत होती. तिला भिंतीवरचं घड्याळ, पृथ्वीचा गोल आणि एक पितळी पाटी पाठवायचं ठरलं. पाटीवर 'कुवेतमधील मराठी पालकांकडून सप्रेम' असं कोरलं जाणार होतं. खरं तर कोरून झालंच होतं. "त्यांना काय हवंय ते विचारा तरी," असं मी म्हणाले, म्हणून पत्र लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

उत्तर तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंचं होतं. ते मी बैठकीत वाचून दाखवलं. बाईंनी लिहिलं होतं की घड्याळ नको, वेळ कळते. पाण्याची टाकी हवी आणि मुलींसाठी वेगळे संडास हवेत. शाळेत एकच संडास आहे, त्याला दार नाही. मोठ्या मुली दुपारी घरी जातात त्या परत येत नाहीत, आणि काही दिवसांनी सकाळीही येईनाशा होतात. तुमची शाळा शहरातली, सुधारलेली. तेव्हा तुमच्या मुलींच्या संडासाचा मोजमापासह नकाशा पाठवावा, आम्ही तसेच बांधू. किती मुलींमागे किती आहेत? कडी आतून लागते का? पाणी आत येतं की बाहेरून न्यावं लागतं? मोठ्या मुलींना महिन्याच्या चार दिवसांत—

"पुढचं वाचा, वहिनी," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

"पुढे काही नाही. सही आहे."

पाच पुरुष चहाच्या कपात बघत बसले. घड्याळाबद्दल ते दीड तास बोलले होते. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "नकाशा मी काढतो, त्यात काय आहे. फक्त मोजून... म्हणजे तिथे जाऊन... वहिनी, तुम्ही मेडिकल लाइनमधल्या."

मी शिवणाचा टेप घेऊन गेले. शाळा एका भाड्याच्या व्हिलात होती. एखाद्या मोठ्या कुवेती कुटुंबासाठी बांधलेलं ते घर. वरच्या मजल्यावर मुलींचे वर्ग आणि तीन बाथरूम. पहिल्याला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात होती. ते केरळचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. मोठ्या अभिमानाने त्यांनी दार उघडलं. आत गुलाबी टॉवेल, वेष्टनातला साबण, भिंतीवर गुलाबाचं चित्र.

"हे मुलींसाठी?"

"नहीं नहीं, मॅडम. वजारत, यानी मिनिस्ट्री के इन्स्पेक्टर के लिए."

"वो कब आते हैं?"

"साल में एक बार."

"और अंदर जाते हैं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "अभी तक तो नहीं गए."

दुसऱ्या बाथरूममध्ये आंघोळीचा टब होता आणि टबात गॅदरिंगचं सामान. पुठ्ठ्याचा एक अख्खा किल्ला, अकरा मुकुट आणि मिशांचा डबा. तिसरं मुलींचं. कडी निखळलेली. नळ सोडला तर त्याने नुसता उसासा टाकला. गच्चीवर टाकी एकच. टँकर सकाळी ती भरून जायचा आणि खालच्या मजल्यावरची मुलं दहा वाजेपर्यंत ती रिकामी करायची. वरच्या मुलींनाही लागेल असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी मोजमाप घेतलं, लांबी-रुंदी, दाराची उंची, आणि बाहेर आले तर मधल्या सुट्टीत माझीच लेक समोर.

"ममी! व्हॉट आर यू डुइंग हिअर?"

"मोजतेय. तुम्ही इथे जाता?"

"नोबडी गोज, ममी."

"मग करता काय दिवसभर?"

"वुई डोन्ट ड्रिंक." 'आम्ही बूट घालतो' म्हणावं इतक्या साध्या सुरात ती म्हणाली. "जहऱ्याच्या मुली तर घरून निघतानापण नाही पीत. त्यांची बस साडेपाचला असते ना."

तिची पाण्याची बाटली रोज दुपारी भरलेली परत येते हे मी बघत होते. पोरगी काटकसरी निघाली, असं मी नवऱ्याला सांगितलंही होतं. ते पाणी मी तुळशीला घालायची. वर्षभर मी त्या शाळेतल्या मुलींच्या बाटल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते आणि घरची बाटली काही मला दिसली नव्हती. तुळस मात्र जोरात होती.

पुढच्या बैठकीत मी कागद टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तो वाचला, घडी केली आणि म्हणाले, "आपण इन्स्पेक्टरवाल्याचा नकाशा पाठवू. तोही आपलाच ना?"

"आपलाच. पण त्यात आजवर एकही मुलगी गेलेली नाही. इन्स्पेक्टरसुद्धा नाही."

"मॅडम," मुख्याध्यापक कळवळून म्हणाले, "पूरे इंडिया की इज्जत का सवाल है."

"मग इज्जत दुरुस्त करा. दहा दिवस देते. आधी बाथरूम, मग पत्र. नाहीतर आहे हाच नकाशा टपालात टाकते. पितळी पाटीसकट."

पाटीचं नाव काढल्यावर सगळे कामाला लागले. आणि एक गंमत झाली. मुलींचा प्रश्न म्हणजे मुळात पाइपचा प्रश्न आहे हे कळताच अध्यक्षांचा संकोच पार गळून पडला. दोन शुक्रवार ते बाह्या सरसावून गच्चीवर होते. वरच्या मजल्यासाठी वेगळी टाकी बसली. तिसऱ्या बाथरूमचा नळ वाहू लागला. गुलाबी टॉवेल निघाला, कुलूप निघालं. किल्ला मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. पुढचे कित्येक महिने त्यांना भेटायला बुरुजाला वळसा घालून जावं लागे. एका कोकणी सुताराने तिन्ही दारांना आतून जाडजूड कड्या ठोकल्या. झाकणाच्या बादल्या आणि पॅडची पाकिटं मी ठेवली. इतिवृत्तात त्यांची नोंद 'इतर साहित्य' अशी झाली.

गणिताच्या सरांनी तक्रार केली. "एकीला सोडलं की सगळ्या जातात."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "वर्षभराच्या राहिल्या आहेत."

मग पत्र गेलं. सोबत जमलेली रक्कम आणि दोन नकाशे, आधीचा आणि नंतरचा. मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर पुढे उन्हाळ्यात आलं. दोन्ही उपयोगी पडले, असं त्यांनी लिहिलं होतं. पहिला गावच्या पंचांना दाखवला, असं करू नका म्हणून.

पण जहऱ्याचा माणूस थांबला नव्हता. तिकडे सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. अशाच एका गुरुवारी वर्ग बंद, ऑफिस उघडं होतं. बादल्यांची पाहणी करायला मी गेले, तर हा मुलीला घेऊन शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज भरत बसलेला.

"मला विचारल्याशिवाय—"

"तिकीट खय काढलंय, ताई? दाखलोच काढतंय."

"हवेचा काही संबंध नाही. पोर दिवसभर पाणी पीत नव्हती, कारण जायला जागा नव्हती. आता आहे."

"पोरी काय, सांगतत तसा." त्याने मान हलवली. "शाळेत आनी कसलो आडोसो असतलो?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्याला वर नेलं. मागे मुख्याध्यापक, त्यांच्यामागे मुलगी, बुटांकडे बघत. "आत जा," मी म्हटलं. "कडी लावा. नळ सोडा. मग बोला."

तो लाजला, पण गेला. कडी लागल्याचा खट्ट आवाज झाला. नळाचं पाणी वाजलं, बंद झालं. मग बराच वेळ नुसती खुडबुड.

"ताई," आतून आवाज आला. "अडाकलंय मी."

"ओढा कडी."

"ओढतंय! येना नाय!"

"जोर लावा."

दार हादरलं. मुख्याध्यापक किल्ल्यांचा जुडगा आणायला धावले. आतल्या कडीला किल्ली नसते हे त्यांना जिन्यात आठवलं असावं, कारण ते अर्ध्यातून परत आले. "कारपेंटर को बुलाएँ?" आतून आता देवाचा धावा ऐकू येत होता, आणि अधूनमधून सुताराच्या आईचा उद्धार.

मुलगी पुढे झाली आणि दाराला तोंड लावून म्हणाली, "बाबा, वढू नको रे. पयली वर उचल. मगे हळू सरकव."

खट्ट. दार उघडलं. तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि लेकीकडे बघत राहिला.

"तुका कसा म्हायत?"

"रोज जातंय ना मी," ती म्हणाली. "दोनदा."

त्याने मागे वळून कडी पुन्हा एकदा लावून-काढून पाहिली, उचलून, हळू. दुकानदार माणूस, माल हातात घेतल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही.

"तो सर्टिफिकेट, भाईसाब?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"अभी रखो," तो म्हणाला. "परीक्षा होऊ दे पयली."

मुलगी आठवी पास झाली, गणितात जेमतेम. जुलैत सगळे सुट्टीवर मालवणला गेले. ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि त्यांना परतायची वाट उरली नाही. पण आठवी पासचा कागद हातात होता, त्यावर तालुक्याच्या हायस्कुलाने तिला नववीत घेतलं. पुढच्या वर्षी, आम्हीही कुवेत सोडून आल्यावर, त्याचं पत्र मला माझ्या पुण्याच्या पत्त्यावर मिळालं. मुलीची तब्येत बरी, दहावीत आहे, गणितात अजून रडते. मी उलट टपाली कळवलं, शिकवणी लावा.